सावलीत ठेवलेलं मेण

हा लेख मी फार उशिरा लिहितो आहे, हे आधीच कबूल करतो. गौरवग्रंथातले बाकीचे लेख कधीच लिहून, वाचून, दुरुस्त होऊन बसले आहेत. माझ्या एका लेखासाठी ग्रंथ अडलाय. संपादक सर आत्ता कॉलेजच्या प्रयोगशाळेत माझ्यासमोरच्या स्टुलावर बसून आहेत आणि मी मान वर केली की ते घड्याळाकडे बघतात. डॉ. सुमन टेकाळे मॅडम यांना साठ वर्षं पूर्ण झाली, म्हणून त्यांचे विद्यार्थी, सहकारी आणि गावोगावचे शेतकरी मिळून हा सोहळा करीत आहेत. सोहळा तोंडावर आलाय. आणि त्यात मॅडम मंचावर बसणार की नाही, ते या लेखावर अडून आहे.

हे मी मोठेपणानं सांगत नाही, लाजेनं सांगतो. याआधी मी एक लेख लिहून दिला होता. तो सगळ्यांना आवडला. समितीच्या बैठकीत वाचला तेव्हा माणसं पोट धरून हसली. छापायला जाण्याआधी तो मॅडमच्या हातात पडला आणि मला फोन आला. मॅडम रागावल्या नव्हत्या. रागावल्या असत्या तर बरं झालं असतं.

"बाळू, लेखात चूक कुणाची, हे उलटं लिहिलंयस."

"मॅडम, जरा गंमत म्हणून लिहिलंय."

"कुणाची गंमत?" त्यांनी विचारलं. मग म्हणाल्या, "हे असंच छापणार असाल तर मी मंचावर बसणार नाही. आणि गयाकाकूंना विचारलंस का, त्यांची गोष्ट छापू का म्हणून?"

विचारलं नव्हतं. त्या दिवसापासून मी काय काय केलं ते सांगायलाही शरम वाटते. औंढ्याला मित्राच्या प्रसादाच्या दुकानावर जाऊन बसलो. तिथून डोंगरकडा गावाला एक जुनी मोटारसायकल बघायला गेलो, जी मला घ्यायची नव्हती. तिथल्या गड्याला विहिरीतली मोटर काढायला मदत केली. सगळं केलं, फक्त लेख लिहिला नाही आणि गयाकाकूंकडे गेलो नाही.

गयाकाकू कोण, ते ओघात येईल. अशा ग्रंथात सुरुवात पहिल्या ओळखीपासून करायची रीत आहे. तिथून धरतो.

मॅडमची आणि माझी ओळख जीपमध्ये झाली. तेव्हा मी सेनगाव ते हिंगोली जीपवर क्लीनर होतो. कॉलेजात नाव घातलं होतं, ते पहिल्याच वर्षी सुटलं. मग बोअरवेलच्या गाडीवर दक्षिणेत हिंडलो, मोबाइलच्या टॉवरवर चढलो, आणि कंटाळा आला की तांड्यावर परत. आमचे पणजोबा बैलांच्या पाठीवर मीठ लादून मुलूखभर फिरायचे, माझंही फिरणं रक्तातलंच आहे, असं मी सगळ्यांना ऐकवायचो. मॅडमनाही एकदा ऐकवलं. त्या म्हणाल्या, "पणजोबा माल पोचवायचे. तू काय पोचवतोस?" त्यानंतर ते मी कुणाला ऐकवलेलं नाही.

तर जीप. थंडीची सकाळ, काचा बंद, माणसं खच्चून भरलेली, आणि आत बोकडाचा उग्र वास. लोक सीटखाली वाकून बघायला लागले.

"कुणाचा बोकड हाय रे? भाडं घेतलं का त्याचं?" एका म्हाताऱ्यांनी मला विचारलं.

"बोकड न्हाई आबा, तुमच्या बाजूचा पावना हाय," मागून कुणी तरी बोललं. पाहुणा चिडला. भांडण होणार, तेवढ्यात पुढच्या सीटवरच्या सुती साडीतल्या बाईंनी मांडीवरचा स्टीलचा डबा वर केला.

"भांडू नका. बोकड इथं आहे."

डब्यात काचेच्या बाटल्या होत्या, आणि बाटल्यांत पांढरं, मेणासारखं काही तरी. एका बाटलीचं बूच ढिलं झालं होतं. ते त्यांनी घट्ट बसवलं. "हे कॅप्रिक आम्ल. शेळीच्या दुधात असतं, खोबरेल तेलातही थोडं असतं. याचं नावसुद्धा शेळीवरूनच पडलंय." मग ती बाटली त्यांनी माझ्या हातात दिली. "मुठीत धर. हिंगोलीपर्यंत सोडू नको."

मी दारात लोंबकळत, एका हातानं दांडा आणि दुसऱ्या हातात ती बाटली धरून आलो. उतरताना पाहिलं, तर काचेला लागलेली कड पाण्यासारखी सुटली होती.

"तुझ्या हाताची गरमी याच्यात गेली," त्या म्हणाल्या. "कुठं गेली सांग."

मी बाटली उजेडात धरून बघितली. "कॉलेजात ये, मी सांगते," म्हणाल्या. मी दुसऱ्या दिवशी गेलो. खरं सांगायचं तर चहा मिळेल म्हणून गेलो. चहा मिळाला. आणि मग हळूहळू बाटल्या धुणं, वजन करणं, पाकिटं सीलबंद करणं ही कामंही मिळाली.

मॅडमचं काम काय, हे या ग्रंथात इतरांनी पुष्कळ शहाणपणानं लिहिलं आहे. मी मला कळलं तेवढं लिहितो. काही पदार्थ वितळताना गरमी पोटात घेतात आणि गोठताना ती परत देतात. शाळेत अप्रकट उष्मा शिकवतात, तोच हा. सगळा बर्फ वितळून संपेपर्यंत थर्मामीटर जागचा हलत नाही, तसंच या पदार्थांचं. मॅडमनी आयुष्य घातलं ते यातल्या सेंद्रिय पदार्थांत, म्हणजे मेणं, तेला-तुपातली आम्लं, आणि त्यांच्या जवळची मंडळी. त्यांचा प्रश्न असा होता, की कोणता पदार्थ किती तापमानाला वितळणार आणि पोटात किती गरमी साठवणार, हे कशावर ठरतं? त्यांचं सगळं संशोधन एका वाक्यात सांगायचं तर, ते रेणूच्या बांध्यावर ठरतं.

पहिल्या आठवड्यात त्यांनी माझ्यापुढं दोन बाटल्या ठेवल्या होत्या. एकीत पांढरा कडक खडा, दुसरीत पिवळसर तेल. "दोन्हींच्या रेणूंत अठराच कार्बन आहेत, एका ओळीत. फरक एवढाच, की दुसऱ्यात मध्ये एक दुहेरी बंध आहे. तिथं साखळी वाकते."

"येवढ्या एका वाकण्यानं दगडाचं तेल होतंय? काहून?" माझ्या तोंडून गेलं. कॉलेजात 'का'च्या जागी आपल्या बोलीतलं 'काहून' बोललो म्हणून मी जीभ चावली.

मॅडम म्हणाल्या, "काहून हा फार कामाचा शब्द आहे. इथं तोच वापरायचा."

मॅडमच्या चिकाटीबद्दल इतरांनी लिहिलंच असेल. मी ती बाजूला बसून पाहिली आहे. एकच नमुना त्या वितळवायच्या, गोठवायच्या, पुन्हा वितळवायच्या. असं किती वेळा? तो थकतो का, हे कळेपर्यंत. मी त्याच्या आधी थकायचो. एकदा तर न सांगता निघून गेलो, बोअरवेलच्या गाडीवर. पाऊसकाळ सरला, दिवाळी झाली, तेव्हा परत आलो. येताना मनात वाक्यं जुळवून ठेवली होती, याडी आजारी होती, म्हणजे माझी आई, वगैरे. ती आजारी नव्हती. प्रयोगशाळेत पाऊल ठेवलं, तर माझा ऍप्रन धुऊन, इस्त्री करून खुंटीला टांगलेला. मॅडमनी वर न बघताच सांगितलं, "ऑइल बाथचं तेल बदलायचंय. काळं पडलंय." एवढंच. मी ऍप्रन घातला. ती जुळवलेली वाक्यं वापरायची वेळच आली नाही, आणि ती फार दिवस टोचत राहिली.

आता गयाकाकू.

आपल्या भागात रेशीम करणारे शेतकरी वाढलेत. तुतीचा पाला घालायचा, किडे वाढवायचे, कोष विकायचे. उन्हाळ्यात शेड तापते त्याला उपाय आहेत. हिवाळ्यात रात्र गार पडली की किडे पाला खायचे थांबतात आणि बॅच, म्हणजे किड्यांची ती खेप, मागं पडते. शेगडी लावावी तर धूर होतो, हीटर लावावा तर लाइटीचा भरवसा नाही. मॅडमच्या मनात आलं, दिवसाची गरमी मेणात साठवून रात्री शेडीत सोडली तर?

त्यासाठी सव्वीस-सत्तावीस अंशांच्या आसपास वितळणारं मेण पाहिजे. दहा कार्बनचं आम्ल, म्हणजे आमचा बोकड, तीसच्या थोडं वर वितळतं. सोळा कार्बनचं तर साठच्याही वर. पण दोन्ही एका ठरावीक प्रमाणात मिसळली, की मिश्रण दोघांच्याही खाली वितळतं.

मी म्हणालो, "दोन कडक माणसं एका घरात आली की दोघंही नरम पडतात, तसं."

मॅडम म्हणाल्या, "माणसांचं मला माहीत नाही. रेणूंचं मोजून बघू."

मोजून बघितलं. प्रमाण सापडलं. दुधाच्या पिशवीएवढी जाड पाकिटं भरली आणि मागच्या हिवाळ्यात गोरेगावजवळच्या गयाकाकूंच्या शेडीत नेली. काकू त्या भागात रेशीम करणाऱ्या पहिल्या बाई. त्यांच्या बॅचा बघायला लोक लांबून येत. पाकिटं हातात घेऊन त्यांनी आधी वास घेतला.

"मॅडम, रेशमाच्या शेडात बोकड काहून आणला वं? किडे पळून जातेत का न्हाई?"

मॅडम खळखळून हसल्या. त्यांनी दक्षिणेच्या भिंतीला बाहेरून पत्र्याची फळी ठोकून दिली. दिवसा पाकिटं या फळीवर, संध्याकाळी आत किड्यांच्या रॅकखाली, असं सांगितलं. काकूंनी मान हलवली. "तुमी काळजीच करू नका. लेकरावानी जपते."

पंधरवड्यानं आम्ही बघायला गेलो. दुपारची वेळ होती, कोवळं ऊन. पत्र्याची फळी रिकामी. आत किडे सुस्त पडलेले, काही कात टाकून मोठे झालेले, काही अजून पहिल्याच आकारात. बॅच विस्कटली होती.

"काकू, पाकिटं कुठायत?" मॅडमनी विचारलं.

"हायत ना! या, दाखवते." काकू मोठ्या हौसेनं आम्हाला आतल्या खोलीत घेऊन गेल्या. पाण्याच्या रांजणाला टेकून, अंधाऱ्या कोपऱ्यात, ओल्या पांढऱ्या फडक्यात गुंडाळून पाकिटं ठेवली होती. "येक दिसबी उन्हाची झळ लागू दिली न्हाई, मॅडम. तुमी फळी ठोकून दिली, पण ती लई उन्हात येती. म्हणलं, मॅडमच्या ध्यानात आलं नसंल. सांजच्याला बराबर रॅकखाली लावते, सकाळी पुन्हा इथं."

जे रेशीम करत नाहीत त्यांच्यासाठी सांगतो. रेशीमकिड्याची अंडी कागदावर येतात. त्यांना अंडीपुंज म्हणतात. ते आणताना ओल्या फडक्यात आणायचे, सावलीत ठेवायचे, ऊन लागलं की बॅच गेली, हे रेशीमवाल्यांच्या हाडात बसलेलं असतं. सरकारी प्रशिक्षणात पहिलं तेच शिकवतात. काकूंनी मॅडमच्या मेणाला अंडीपुंजाचा मान दिला होता. मेण दिवसभर गार, कडक. दिवसा गरमी घेतलीच नाही, तर रात्री देणार काय?

आणि मी हसलो. मोठ्यानं. त्या खोलीत दुसरा आवाजच नव्हता.

काकूंनी माझ्याकडं बघितलं, मग मॅडमकडं, मग पाकिटांकडं. त्या हुशार बाई आहेत. काही तरी उलटं झालंय, हे त्यांना तिथंच कळलं. मॅडमनी फडकं सोडून पाकिटं नीट लावली आणि म्हणाल्या, "काकू, चहा करता का? मी थकलेय." पण चहा पिताना काकू चुलीपाशीच बसून राहिल्या.

इथवर तरी ठीक होतं. परतताना मॅडम बसने गेल्या आणि मी गोरेगावच्या जीप स्टँडवर थांबलो. मला गोष्ट सांगता येते. माझ्यात तेवढा एकच गुण आहे, आणि तो मी तिथं वापरला. काकूंचा आवाज काढून, ओलं फडकं हातानं दाखवून. जीपवाले, पानवाले, सगळे लोळले. चार दिवसांत काकूंना रस्त्यानं चालणं अवघड झालं. पोरंसुद्धा विचारायची, "काकू, मेणाला ताप आला व्हता का वं? पाण्याच्या पट्ट्या लावल्या म्हणं!"

बॅच तर गेलीच होती. काकूंनी पाकिटं कुणाच्या तरी हाती परत पाठवली आणि शेडीला कुलूप घातलं. तुतीचा पाला शेळ्यांना टाकायला लागल्या.

त्यानंतर मॅडमनी जे केलं, त्यासाठी मला हा लेख लिहायचा होता, आणि आधीच्या लेखात तेच मी गाळलं होतं. कारण त्यात हसण्यासारखं काही नाही.

त्या पाकिटं घेऊन पुन्हा काकूंच्या दारी गेल्या. मी बरोबर होतो. मी यायला नको म्हणत होतो, त्यांनी ऐकलं नाही. काकू बाहेर आल्या नाहीत. त्यांच्या सासूबाई ओट्यावर बसल्या होत्या, त्या म्हणाल्या, "तिचं डोकं दुखून राहिलंय." दार नुसतं लोटलेलं होतं. फटीतून काकूंच्या लुगड्याचा काठ दिसत होता.

मॅडम ओट्यावर बसल्या. अंगणात कडब्याची पेंढी पडली होती. त्यांनी तिच्यातले काही सरळ धांडे, म्हणजे ज्वारीची वाळली ताटं, उपसले आणि दाराकडं तोंड करून, वर्गात बोलतात तेवढ्या मोठ्यानं, बोलायला लागल्या.

"आजी, हे बघा. या मेणाचा एकेक कण म्हणजे असा एक सरळ धांडा. लई बारीक, डोळ्याला न दिसणारा. धांडे सरळ असले की एकमेकाला चिकटून बसतात. रचलेली गंजी घट्ट होते. बरोबर?"

"व्हय. सरळ असंल तर घट्टच बसंल," सासूबाई म्हणाल्या.

"आता धांडा जेवढा लांब, तेवढी जास्त जागा शेजाऱ्याला चिकटायला. अशी गंजी उलगडायला जोर जास्त लागतो. म्हणून लांब धांड्याचं मेण लवकर वितळत नाही." मग त्यांनी कुंपणाची एक वाकडी बाभळीची काटकी घेतली. "आणि हे असं वाकडं लाकूड रचायचं म्हटलं तर?"

"ढिगात निम्मा वाराच राहतो मायबाई. हात लावला की ढासळतंय."

"गोडं तेल म्हणजे ते. वाकड्या काटक्यांचा ढीग. थंडीतसुद्धा जमत नाही." मॅडमनी लांब आणि आखूड धांडे एकत्र केले. "आम्ही या पाकिटात दोन मापाचे धांडे मिसळले. माप जुळत नाही, म्हणून गंजी जरा लवकर उलगडते, आपल्याला हव्या त्या गरमीला. दिवसा ऊन लागलं की गंजी उलगडते, आणि उलगडायला लागलेली सगळी गरमी आत राहते. रात्री गार झालं की धांडे पुन्हा रचून बसतात आणि ती गरमी बाहेर टाकतात. किड्यांना ती मिळते. म्हणून याला ऊन दाखवायचं. ऊन हाच याचा पाला."

आत काही हललं. दार उघडलं नाही.

मॅडमचा आवाज जरा खाली आला. "हे मी काकूंना पहिल्याच दिवशी सांगायला पाहिजे होतं. काय करायचं ते सांगितलं, काहून ते सांगितलं नाही. सांगण्यासारखं वाटलं नाही. शेतातल्या बाईला रेणू कशाला, असं माझ्या मनात कुठं तरी असणार. काकूंनी तर त्यांना ठाऊक असलेल्या सगळ्यात चांगल्या रीतीनं जपलं. चूक माझी आहे. आणि मला त्याची लाज वाटते."

मी अंगणात उभा होतो. कुणी माझं नाव घेतलं नाही. घ्यायला पाहिजे होतं.

निघताना मॅडमनी पाकिटं ओट्याच्या कडेला ठेवली. ना उन्हात, ना सावलीत, बरोबर मध्ये. मी विचारलं, फळीवर ठेवू का? म्हणाल्या, "नको. जागा त्या ठरवतील."

काकूंनी काही ठरवल्याचं आम्हाला कळलं नाही. शेडीचं कुलूप तसंच राहिलं.

पुढं एका परिषदेत मॅडमनी हे काम मांडलं. मी सामान उचलायला गेलो होतो. कागदावर सगळं होतं. साखळीची लांबी वाढली की वितळण्याचं तापमान कसं वाढतं. कार्बनची संख्या सम असेल तर रेणूंची टोकं कशी चांगली जुळतात आणि विषम असेल तर कुठं अडतात. फांद्या फुटलेला रेणू गरमी कमी का साठवतो. आणि शेवटी गोरेगावचा प्रयोग. तिथं त्यांनी लिहिलं होतं, प्रयोग फसला, कारण पदार्थ कसा वागतो हे संशोधकानं वापरणाऱ्याला समजावून दिलं नाही. एका मोठ्या प्राध्यापकांनी चहाच्या वेळी सुचवलं, "मॅडम, तेवढा परिच्छेद काढा. वापरणाऱ्यांनी सूचना पाळल्या नाहीत, असं लिहिलं तरी चालतं. सगळे तसंच लिहितात."

मॅडम म्हणाल्या, "सूचना पाळल्या नाहीत हे खरं आहे सर. पण फसण्याचं कारण ते नाही."

परिच्छेद राहिला.

अशा माणसाच्या गौरवग्रंथात मी 'मेणाला पाण्याच्या पट्ट्या' या नावानं विनोदी लेख लिहून दिला होता. वाचकहो, आता तुम्हाला कळलं असेल, मॅडमनी "कुणाची गंमत" असं का विचारलं.

शेवटी मी काकूंना विचारायला निघालो. पहिल्या खेपेला गोरेगावला उतरलो, भजी खाल्ली आणि त्याच जीपनं परत आलो. दुसऱ्या खेपेला, म्हणजे काल, घरापर्यंत गेलो. काकू अंगणात शेळ्यांना पाला टाकत होत्या.

"काहून आलास?"

"काकू, मॅडमच्या पुस्तकात तुमची गोष्ट लिव्हून राहिलोय. खरी खरी. छापू का, हे इचारायला आलो."

"येकदा सांगून पोट भरलं न्हाई का तुजं?"

मी खिशातले कागद काढले आणि त्यांच्याबद्दलचा वरचा भाग, तेव्हा कच्चा लिहिलेला, उभ्यानं वाचून दाखवला. माझं हसणं, स्टँडवरचं नाटक, सगळं. काकू पाला टाकतच राहिल्या. ओट्यावरच्या धांड्यांचा भाग आला तेव्हा त्यांचा हात थांबला.

"ते मी ऐकलंय," त्या म्हणाल्या. "दाराआडून."

"मॅडम म्हणतात, तुमी व्हय म्हणल्याबिगर छापायचं न्हाई. अन् उलटं छापलं तर त्या मंचावर बसत न्हाईत."

"त्यांच्या सत्काराला माजं काय अडून राहिलंय?" काकूंनी शेळीला दूर ढकललं. "वाचून झालं? जा मंग. जीप जाईल तुजी."

होकार नाही, नकार नाही. मी परत आलो. संपादक सर म्हणतात, नाव बदल आणि छापू. मी म्हणालो, मॅडमना विचारा. ते पुन्हा घड्याळाकडे बघायला लागले. मॅडम आत्ता वरच्या मजल्यावर तास घेत आहेत. खाली आल्या की विचारतील, काकू काय म्हणाल्या, आणि मला सांगावं लागेल, काही म्हणाल्या नाहीत. मग हा लेखही बाजूला पडेल आणि खुर्ची रिकामी राहील. तरीही लिहून पुरा करतो आहे. निदान एक काम अर्धवट सोडलं नाही, एवढं तरी माझ्या नावावर लागावं.

मॅडम, लांब आणि सरळ साखळी सहजासहजी वितळत नाही, हे तुम्हीच शिकवलंत. तुमचं आयुष्य तसं असो. गुडघे दुखायचे थांबोत, म्हणजे अजून पुष्कळ ओट्यांवर तुम्हाला बसता येईल. डोळे शाबूत राहोत, म्हणजे आमच्या चुका तुमच्या नजरेतून सुटणार नाहीत. तब्येत अशी राहो, की कितीही वेळा थंडी-ऊन झालं तरी

वाक्य अर्धं सोडावं लागतंय. प्रयोगशाळेचे हमीद चाचा दारात आलेत. "अरे बाळू, गेट पे गोरेगाव की कोई बाई आयी है. हाथ में पानी की थैलियाँ पकड के खडी है. मैं बोला नीचे रख दो, तो सुनतीच नहीं. बोल रही, सुबह से पत्रे पे थीं, जीप में सामने के काँच से लगा के लायी हूँ, जमने के पहले मैडम के हाथ में देना है."

त्या पिशव्यांत पाणी नाही, चाचा.

संपादक सर स्टुलावरून उठलेत. सर, मी गेटवर पळतोय, तुम्ही वर जा. मॅडम कधी तास सोडत नाहीत, पण आज सोडतील. त्यांना एवढंच सांगा, गयाकाकू आल्यात, आणि पाकिटं वितळलेली आहेत.